पुण्यातला बंद असलेला फ्लॅट भाड्याने द्यायचाय, आधी काय काय करून घ्यावं?

रंगाऱ्याला सगळ्यात शेवटी बोलवा, आधी प्लंबर. बाथरूमच्या नहाणी ट्रॅपमध्ये (जाळीखालचा, पाणी धरून ठेवणारा वाकडा भाग) कापडाचा बोळा घट्ट बसवून इंचभर पाणी २४ तास साठवा आणि खालच्या घरात छताला ओल येते का बघा. आली तर टाइल्सच्या फटी खरवडून इपॉक्सी ग्राउट (फटी भरायचा रेझिनचा पक्का लेप) भरून घ्या. पांढरं सिमेंट लवकर झडतं. तरीही ओल राहिली तर बहुधा वॉटरप्रूफिंग गेलंय, मग फरशी उखडावी लागू शकते. घर बंद असलं की ट्रॅपमधलं पाणी आटतं आणि वास, झुरळं तिथूनच वर येतात (पेस्ट कंट्रोलवाला बिचारा उगाच बदनाम होतो). प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओता.

फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग टाका. फ्लश न दाबता कमोडमध्ये उतरला तर वॉशर बदला. आरसीसीबीचं (करंट गळला की वीज तोडणारा, मीटरच्या बोर्डातला स्विच) टेस्ट बटण दाबून ट्रिप होतो ना, ते पाहा.

चावी देताना मीटर रीडिंगचा फोटो काढा. लिव्ह अँड लायसन्स करार (भाडेकरूशी होणारा करार) ११ महिन्यांचा असला तरी महाराष्ट्रात नोंदणी सक्तीची आहे आणि ती जबाबदारी मालकाची. नुसत्या नोटरीवर भागवू नका.