गोल्डन वॉटल लावताना सुरुवातीला एवढेच पाहावे

आपल्याला गोल्डन वॉटल लावायचे आहे आणि आपण ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात राहता, त्यामुळे ही निवड योग्यच आहे. बाभळीच्या नात्यातले हे झुडूप आग्नेय ऑस्ट्रेलियातील निलगिरीच्या विरळ जंगलांत, मोठ्या झाडांच्या सावलीत आणि निकस जमिनीवर वाढते, हे ध्यानात ठेवले तर निम्म्या चुका टळतात.

• पहिली चूक लाडाची. मुळांवरील गाठींतले जिवाणू नत्र पुरवतात, म्हणून खत नको. पहिल्या उन्हाळ्यानंतर रोजचे पाणीही नको, मात्र निचरा हवाच.
• दुसरी चूक बी तसेच पेरण्याची. कठीण कवचामुळे ते वर्षानुवर्षे मातीत पडून राहते आणि वणव्यानंतर उगवते. तेव्हा त्यावर उकळते पाणी ओतून रात्रभर भिजू द्यावे.

पानांसारखे दिसतात ते खरे तर चपटे झालेले देठ होत. छाटणीचा विचार पहिल्या बहरानंतर करू.