माहितीपत्रकात नान्सेनच्या नावाची बोट, प्रत्यक्षात भलतीच

प्रश्न : आम्ही दोघं निवृत्त, ठाण्याला राहतो. इथल्याच एका टूर कंपनीकडून गेल्या फेब्रुवारीत नॉर्वेच्या किनाऱ्याची बर्गन–किर्केनेस–बर्गन ही १२ दिवसांची सफर केली. दोघांचे ९ लाख ४० हजार भरले. माहितीपत्रकात ध्रुवसंशोधक फ्रिट्यॉफ नान्सेनच्या नावाची बोट, बाल्कनीची केबिन आणि गैरांगर फ्योर्ड (डोंगरांमध्ये शिरलेली समुद्राची खाडी) होता. मिळाली साधी मालवाहू-प्रवासी बोट आणि बिनबाल्कनीची केबिन. गैरांगर झालंच नाही, नॉर्थ केप या उत्तरेकडच्या टोकाची सहल वादळामुळे रद्द. कंपनी म्हणते, ‘आम्ही फक्त एजंट.’ आता १५ हजारांचं व्हाउचर देऊन ‘काही तक्रार नाही’ असं लिहून मागते आहे. काय करावं?

उत्तर : ताई, आधी एक करा. त्या कागदावर सही करू नका. एकदा तसं लिहून दिलंत की पुढची सगळी शक्ती ते खोडून काढण्यातच जाईल.

तुमच्या तक्रारीतून नॉर्थ केप बाजूला काढा. हिवाळ्यात होनिंग्सव्होगहून तिकडे जाणाऱ्या गाड्या बर्फ काढणाऱ्या वाहनामागून ताफ्याने सोडतात आणि वारा वाढला की रस्ताच बंद होतो. बोटीच्या बाबतीतही समुद्री सुरक्षेच्या ‘सोलास’ करारानुसार कप्तानाच्या सुरक्षेच्या निर्णयात खुद्द मालकालाही आडवं येता येत नाही. याला सेवेतली त्रुटी म्हणायला गेलात तर खरी तक्रारही पातळ होईल. त्या सहलीचे वेगळे पैसे भरले असतील तर तेवढे मात्र परत मागायचेच.

गैरांगरची गोष्ट निराळी आहे. या मार्गावरच्या बोटी तिथे उन्हाळ्यातच जातात. म्हणजे फेब्रुवारीच्या सफरीत ते नाव छापलं, तेव्हाच ते मिळणार नव्हतं. बोटीचंही तेच. १८९३ पासून चालू असलेला हा किनारी मार्ग मुळात टपाल, माल आणि गावोगावची माणसं नेण्यासाठी सुरू झाला. आजही बोटी वाटेत चौतीस बंदरं घेतात. नान्सेनच्या नावाची बोट ध्रुवीय मोहिमांसाठी बांधलेली, ती या रोजच्या फेऱ्यांमधली नाहीच. त्या फेब्रुवारीचं वेळापत्रक आणि माहितीपत्रक शेजारी शेजारी ठेवा, यापेक्षा बोलका पुरावा नाही. इथे हवामानाचा काही संबंध नाही. ही खोटी जाहिरात आहे, आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४७) नुसार ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते.

‘आम्ही फक्त एजंट’ या बचावाचं उत्तर बहुधा तुमच्या बिलातच आहे. त्यात टीसीएसची, म्हणजे विक्रेत्याने गिऱ्हाइकाकडून घेऊन सरकारजमा करायच्या कराची, ओळ शोधा. मार्च २०२६ पर्यंतच्या व्यवहारांना लागू असलेल्या १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम २०६सी(१जी) खाली ही रक्कम परदेशी सहलीचं पॅकेज विकणाऱ्याने गोळा करायची असते. आयकर खात्यापुढे विक्रेता आणि तुमच्यापुढे एजंट, असं दोन्हीकडून चालणार नाही. त्यांच्याकडून फॉर्म २७डी, म्हणजे टीसीएसचं प्रमाणपत्र, मागून घ्या. तुमच्या २६एएस या आयकराच्या वार्षिक विवरणातही नोंद असेल. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत वजनदार कागद हाच.

नॉर्वेला जायची गरज नाही. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३४ नुसार तुम्ही राहता तिथल्या, म्हणजे ठाणे जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते; पावतीमागे ‘न्यायक्षेत्र फक्त मुंबई’ छापलेलं असलं तरीही. लवादाचं कलम (वाद खाजगी पंचाकडेच न्यायची अट) असेल तर त्यानेही ही वाट अडत नाही. भरलेली रक्कम ५ ते १० लाखांच्या दरम्यान असल्याने शुल्क २०० रुपये. तक्रार ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून दाखल होते, वकील लावलाच पाहिजे असंही नाही.

मागणी मात्र मोजून करा. पूर्ण ९ लाख ४० हजार मागू नका. बारा दिवस तुम्ही राहिलात, जेवलात, प्रवास केलात, आणि आयोग ते विचारणारच. बोटीच्या आणि केबिनच्या दर्जातला फरक, न झालेल्या सहलीचे पैसे, मानसिक त्रासाची भरपाई आणि खर्च एवढंच मागा. फरक दाखवायला त्याच कंपनीची दोन्ही प्रकारांची दरपत्रकं मिळवा. विक्री करणाऱ्या मुलाने व्हॉट्सॲपवर ‘हीच बोट मिळेल, मॅडम’ असं लिहिलं असेल तर तो संवाद पुसू नका, फोनही बदलू नका. त्याची प्रत जोडताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र लागतं.

तक्रार दाखल करायची मुदत तिचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. तोंडी बोलण्यात ती घालवू नका. याच आठवड्यात १५ दिवसांची नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा.