‘जड धातू संगीत’ म्हणावे का?

फोंड्याहून एका वाचकाने विचारले आहे की, महाविद्यालयाच्या वार्षिक अंकासाठी लिहिलेल्या लेखात ‘हेव्ही मेटल’ या पाश्चात्त्य रॉक संगीतप्रकारासाठी त्यांनी ‘जड धातू संगीत’ असा शब्द योजला, तो योग्य आहे का. आणि नसल्यास हे संगीत लोकप्रिय संगीताहून नेमके कशामुळे वेगळे ठरते, म्हणजे त्या वेगळेपणावरून दुसरा शब्द शोधता येईल.

हा शब्द योजू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘जड धातू’ ही संज्ञा मराठीत शिसे, पारा, कॅडमियम यांच्यासाठी रूढ आहे आणि खाणींमुळे पाण्याच्या शुद्धतेची सतत चर्चा करणाऱ्या गोव्यात तर ती वाचताच प्रदूषणाचा अहवाल डोळ्यांपुढे येतो. याहून मोठी अडचण ‘धातू’ या शब्दाची आहे, कारण संगीतात तो आधीच कामाला लागलेला आहे. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने १३व्या शतकात लिहिलेल्या ‘संगीतरत्नाकर’ ग्रंथात गीताच्या स्वरांगाला ‘धातु’ आणि शब्दांगाला ‘मातु’ म्हटले आहे, आणि ही दोन्ही अंगे रचणारा तो वाग्गेयकार; शिवाय प्रबंध या जुन्या गीतप्रकाराच्या उद्ग्राह, मेलापक, ध्रुव, आभोग या अवयवांनाही ‘धातु’ हेच नाव आहे. इतका अर्थपूर्ण शब्द ज्या क्षेत्रात हजर आहे, तिथेच तो लोखंडाच्या अर्थाने पुन्हा आणणे मला पटत नाही.

मूळ इंग्रजी नावातही धातू हा वाद्याचा पदार्थ म्हणून आलेला नाही. धातूचे संगीत शब्दशः ऐकायचे तर आपल्याकडे घुमट आरतीत घुमट आणि शामेळ या चर्मवाद्यांबरोबर वाजणारे झांजेसारखे कासाळे आहे, ज्याला शास्त्रात घनवाद्य म्हणतात. हेव्ही मेटलचे मुख्य वाद्य असलेली गिटार मात्र तंतुवाद्य आहे. १९६०च्या दशकातील बोली इंग्रजीत ‘हेव्ही’ म्हणजे खोल, गंभीर, मनावर दाब आणणारे, आणि ‘हेव्ही मेटल’ ही शब्दजोडी स्टेपनवुल्फ या बँडच्या १९६८ सालच्या एका गाण्यात मोटारसायकलीच्या गडगडाटाच्या संदर्भात आली होती. ‘जड’ या शब्दात हा अर्थ उतरत नाही. मराठीत जीभ जड होते, अभ्यास जड जातो, आणि जड म्हणजे चैतन्यहीनही असते. ‘भारी’ म्हणावे तर ती निव्वळ वाहवा होते. या ठिकाणी ‘सुगम संगीत’ या शब्दाची आठवण ठेवावी. इंग्रजीतील ‘लाइट म्युझिक’ला कोणी ‘हलके संगीत’ म्हटले नाही, हे त्या शब्दकर्त्यांचे शहाणपण होते.

आता वेगळेपणाकडे वळू, कारण प्रश्नाचा खरा गाभा तिथे आहे. ‘लोकप्रिय’ हा हेव्ही मेटलचा विरुद्धार्थी शब्द नाही. मेटॅलिका या बँडची १९९१ सालची ध्वनिमुद्रिका अमेरिकेच्या विक्रीच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर आली होती, तरीही ती मेटलच मानली जाते. म्हणून तुलना करताना ‘मुख्य प्रवाहातील संगीत’ म्हणणे बरे, आणि फरक खपात न शोधता नादाच्या घडणीत शोधावा.

जत्रेत कर्णा फार मोठा केला की ‘आवाज फाटतो’ असे आपण म्हणतो आणि ध्वनियोजकाला तो कमी करायला सांगतो. मुख्य प्रवाहातील गाण्यात गायकाचा आवाज पुढे आणि स्वच्छ ठेवलेला असतो, वाद्ये त्याला साथ देतात. हेव्ही मेटलमध्ये गिटारचा आवाज जाणीवपूर्वक फाडला जातो आणि त्या फाटलेल्या नादातच गाण्याचा जीव असतो. तंबोऱ्याची जवारी काढणारा कारागीरही तारेला मुद्दाम झंकार देतो, तेव्हा नाद मुद्दाम ‘बिघडवून’ श्रीमंत करण्याची कल्पना आपल्याला परकी नसावी. साम्य इथे थांबत नाही. मेटलमधील ‘पॉवर कॉर्ड’ म्हणजे केवळ षड्ज आणि पंचम. त्यात गंधार वगळलेला असतो, कारण फाटलेल्या नादात गंधार मिसळला की त्यातून उपजणारे स्वर एकमेकांवर आदळून गढूळ होतात. उलट षड्ज-पंचमाची कंपने २ : ३ या प्रमाणात असल्याने त्यांच्या फरकातून १ हा, म्हणजे त्याच षड्जाच्या एक सप्तक खालचा स्वर उमटतो. कोणीही न छेडलेला हा खर्ज छातीला जाणवतो, आणि ‘हेव्ही’ या विशेषणातील भार बऱ्याच अंशी तो आहे.

या भाराला इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या कारखान्याचाही हातभार लागला. ब्लॅक सॅबथ या बँडचा डावखुरा गिटारवादक टोनी आयॉमी १७ वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तारा दाबण्याचा हात तोच. त्याने प्लास्टिक वितळवून बोटांना टोपणे केली, बारीक तारा लावल्या आणि १९७१ सालच्या ध्वनिमुद्रिकेतील काही गाण्यांसाठी गिटार तीन अर्धस्वरांनी उतरवली, ज्यामुळे तारांवरचा ताण कमी झाला आणि नाद आणखी खोल गेला. त्यापूर्वी १३ फेब्रुवारी १९७० रोजी आलेल्या त्यांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेतील पहिली सुरावटच षड्ज, तार षड्ज आणि तीव्र मध्यम अशा तीन स्वरांवर उभी आहे. पाश्चात्त्य कानाला षड्ज आणि तीव्र मध्यमातले हे अंतर अस्वस्थ करते. यमन ऐकत वाढलेल्या कानाला तीव्र मध्यम भीतिदायक वाटत नाही, कारण तिथे तो बहुधा पंचमाकडे नेऊन सोडतो. इथे तो पंचमावर जाऊन सुटत नाही, आणि ती अडवून धरलेली अवस्था हेच त्या रचनेचे सामर्थ्य आहे.

स्वरांचा असा छोटा, पुन्हा पुन्हा येणारा समूह म्हणजे ‘रिफ’. तबलावादनातील लेहरा, म्हणजे साथीला सतत फिरत राहणारी सुरावट, त्याला जवळचा आहे, परंतु लेहरा तबल्यासाठी कालाचे मोजमाप धरतो, तर रिफ स्वतःच गाण्याचा विषय असतो. म्हणून ‘रिफ’ला ‘लेहरा’ म्हणू नये, समजावताना मात्र त्याचा आधार जरूर घ्यावा.

तेव्हा जॅझ आणि पॉप यांच्याप्रमाणे ‘हेव्ही मेटल’ हेच नाव मराठीत ठेवावे. टीव्हीप्रमाणे ‘व्ह’ लिहावा. ‘हेवी’ हे हिंदी वळण आहे. ‘संगीत’ शब्दाच्या ओढीने ते नपुंसकलिंगी चालवावे, आणि विभक्तीपूर्वी सामान्यरूप न बदलता ‘मेटलचा’, ‘मेटलमध्ये’ असे लिहावे. आपल्या लेखात ‘तो विद्यार्थिदशेपासून हेव्ही मेटल ऐकत आला आहे’ असे वाक्य लिहिले, तर त्यात काहीही उणे राहत नाही.