नवीन नेपियर खरंच भारी, का जमीनच भारी?

प्रश्न: सांगोल्याकडं तीन एकर रान आहे, दोन म्हशी, एक गाय. गेल्या पावसाळ्यात नवीन संकरित नेपियरचे, म्हणजे चाऱ्याच्या उंच गवताचे, ठोंब आणून विहिरीकडच्या अंगाला लावले. जुनं गवत वरच्या बाजूला आहे, पाच वर्षांचं. नवीन दुप्पट निघतंय. जुनं मोडून सगळं नवीनच लावू का?

उत्तर: दादा, एवढ्यात मोडू नका. आपल्या सोलापूरकडं एकाच रानात खाली कंबरभर काळी आणि वर वीतभर खणलं की मुरूम, हे तुम्हाला मी काय सांगायचं. नवीन ठोंब खाली, पाण्याजवळ, आणि जुने ठोंब वर मुरमात, ते पण पाच वर्षांचे थकलेले, मग जास्तीचा चारा वाणानं दिला का जमिनीनं, हे कळणार कसं?

उताराला आडवे चार पट्टे पाडा. प्रत्येक पट्ट्यात दोन्ही वाणांचा एकेक वाफा, कुठला कुठं ते चिठ्ठी टाकून ठरवा, मनानं नको, मन आवडत्या वाणाला चांगली जागा देतंच. दोन्हीचे ठोंब ताजे, लागण एकाच दिवशी, खतपाणी सारखं. एका वाफ्यात तीन फुटांच्या पाच सऱ्या, लांबी २४ फूट. कडेच्या सऱ्यांना ऊन-वारा जास्त मिळतो म्हणून त्या जोमात दिसतात, त्या आधी कापून बाजूला टाका, दोन्ही टोकांचे दोन-दोन फूट पण सोडा. मधल्या तीन सऱ्यांचं वजन करायचं. ते १८० चौरस फूट होतात, २४२ नं गुणलं की एकराचा आकडा.

आणि नुसत्या ओल्या वजनावर जाऊ नका, खूप जण इथंच फसतात. प्रत्येक वाफ्यातली एक किलो कुट्टी, म्हणजे बारीक कापलेला चारा, वाळवा, लागोपाठ दोनदा वजन सारखं भरेपर्यंत. समजा एकाचा ओला चारा १०० किलो पण किलोला १५० ग्रॅमच वाळलं, तर हाती १५ किलो. दुसऱ्याचा ८० किलोच, पण २२० ग्रॅम वाळलं तर साडेसतरा किलोच्या वर. म्हशीच्या पोटाला तो दुसराच बरा ना. गव्हाणीत खोडं किती उरतात तेही बघा, पानं जास्त असलेलं गवत जनावर चाटूनपुसून खातं.

पहिल्या कापणीवर मी पण एकदा भुललो होतो, एप्रिलात तेच गवत जागेवर बसून राहिलं. म्हणून प्रत्येक कापणीची तारीख आणि वजन वहीत लिहा, आणि उन्हाळ्यातल्या दोन कापण्या झाल्या की आकडे आम्हाला पाठवा, मग मोडायचं का ते बघू. तोवर जुनं राहू द्या, जनावरं उपाशी नकोत.