बातम्यांमध्ये ‘शपथ घेतली’, ‘शपथ दिली’ आणि ‘शपथविधी’ असं वेगवेगळं का लिहितात?

अर्थ एकाच प्रसंगाचा, फक्त बातमी कोणाच्या बाजूने लिहिलीय ते बघायचं. मंत्री शपथ घेतो, राज्यपाल ती देतात, आणि तो जो अख्खा कार्यक्रम असतो तो शपथविधी. हेडलाईनला जागा कमी असते म्हणून ‘आज शपथविधी’ एवढ्यावर काम भागतं. ‘पद आणि गोपनीयतेची शपथ’ हे मात्र शोभेचं वाक्य नाही हं, राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत मंत्र्यांसाठी खरंच दोन शपथा आहेत, एक पदाची एक गोपनीयतेची. आमदार-खासदारांना गोपनीयतेची नसते, तरी काही बातमीदार सवयीने तिथेही चिकटवतात.

‘उपमुख्यमंत्रीपदाची शपथ’ पण सर्रास छापतात. घटनेत असं वेगळं पदच नाही, तो माणूस कायद्याने मंत्री म्हणूनच शपथ घेतो, पण वाचकाला खातं-पद कळायला हवं म्हणून चालवून घेतात, आणि मला त्यात काही फार चूक वाटत नाही.

आणि आपल्याकडचा फेमस ‘पहाटेचा शपथविधी’! २३ नोव्हेंबर २०१९ ला देवेंद्र फडणवीस आणि अजित पवारांनी शपथ घेतली तेव्हा सकाळचे आठ वाजले होते जवळपास, राष्ट्रपती राजवट उठवल्याची वेळ तेवढी ५:४७ ची. पण चॅनलवाल्यांनी पहाट म्हटलं ते म्हटलंच, आता कोणी गुपचूप काही उरकलं की लोक तोच शब्द वापरतात.