देवगडजवळच्या शाळेत आठवीला शिकवते. मुलांना ‘रात्र’ या विषयावर कविता लिहायला द्यावी का?

द्या, पण फळ्यावर नुसतं ‘रात्र’ लिहून नको. एखादी ठरावीक रात्र द्या. वर्षानुवर्षं वह्या तपासतोय म्हणून सांगतो: मोकळा विषय दिला की चंद्र, चांदणं, नीरव शांतता आणि ‘रात्र-मात्र-पात्र’ असं यमक हमखास येतं. किनाऱ्यावरची रात्र नीरव कुठली! जत्रेतला दशावतार पहाटेपर्यंत चालतो. त्यातला संकासुर राक्षस येतो तेव्हा मांडीवर पेंगणारं पोर खडबडून जागं होतं. मेअखेरीस झाडावर काजवे. अमावास्येचं उधाण. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, हे मच्छीमाराच्या मुलाला पुस्तकाशिवाय ठाऊक असतं, तेच कवितेत येऊ द्या. हिवाळ्यात कधी लाटा निळसर चमकतात, त्या नॉक्टिल्युका या सूक्ष्म जीवामुळे. विज्ञानाच्या बाईंनाही सोबत घ्या. आधी गृहपाठ एवढाच: जेवणानंतर ओटीवर बसून ऐकू आलेले तीन आवाज लिहा. यमकाची सक्ती नको, मालवणी शब्द खोडू नका. फक्त, ज्यांचे वडील रात्री होडीवर असतात त्या मुलांच्या वहीत भीती उतरते. त्यांना विचारल्याशिवाय ती कविता वर्गात वाचून दाखवू नका.