सोसायटीशेजारी टॉवर येतोय, रहिवाशांच्या विरोधाचा काही उपयोग होतो का?

होतो, पण नुसतं "टॉवर नको" लिहून होत नाही. मी ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो, आमच्या मागच्या प्लॉटवर टॉवर येणार कळलं तेव्हा ग्रुपवर नुसता जाळ झाला, लगेच सह्यांचं पत्र तयार, आणि त्यात काय तर येऊरचा डोंगर दिसणार नाही, वारा अडेल, फ्लॅटचे भाव पडतील. दुःख खरं आहे हो, डोंगर दिसतो म्हणूनच तर लोकांनी कर्ज काढून इथे घर घेतलं. पण महापालिकेच्या शहर विकास विभागात त्या पत्राचं काही होत नाही, कारण व्ह्यू जातो म्हणून परवानगी नाकारायची असं नियमात कुठेच नाही.

दुसरं म्हणजे जनसुनावणीची वाट बघत बसू नका. २०,००० चौरस मीटर किंवा जास्त बांधकाम असेल तर पर्यावरण मंजुरी लागते, पण २००६ च्या ईआयए (पर्यावरणावर काय परिणाम होईल ते तपासायच्या) अधिसूचनेत बिल्डिंग प्रोजेक्टना जनसुनावणीतून सूट दिलेली आहे. मला हे अत्यंत चुकीचं वाटतं, एवढी कुटुंबं एका गल्लीत येणार आणि गल्लीतल्या माणसाला कोणी विचारणार पण नाही! तरी मंजुरीचा अर्ज केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर बघता येतो. पाणी किती लागणार, सांडपाण्याचं काय करणार, पार्किंग किती, सगळं त्यात असतं. तो काढा आणि जागेवर जाऊन ताडून बघा.

आम्ही तेच केलं. नकाशात १८ मीटरचा डीपी रोड (म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात दाखवलेला रस्ता), आणि प्रत्यक्षात टेप लावली तर ट्रान्सफॉर्मरजवळ जेमतेम ९ मीटर, त्यातही सकाळी पाण्याचा टँकर उभा राहिला की स्कूल बस मागे घ्यावी लागते. टेप धरलेले फोटो काढले, नकाशाची कॉपी जोडली आणि शहर विकास, फायर ब्रिगेड, राज्याची पर्यावरण समिती अशा सगळ्यांना पत्र देऊन पोच घेतली. २०२० च्या यूडीसीपीआरमध्ये, म्हणजे राज्याच्या बांधकाम नियमावलीत, किती एफएसआय (प्लॉटच्या मानाने किती बांधकाम करता येतं), किती टीडीआर (दुसऱ्या जागेचा इथे आणून वापरायचा बांधकाम हक्क) मिळणार हे रस्त्याच्या रुंदीवर ठरतं, त्यामुळे हा मुद्दा त्यांना टाळता येत नाही. टॉवर रद्द झाला नाही, पण गाड्यांचं गेट आमच्या गल्लीतून काढून मेन रोडला गेलं आणि ट्रान्सफॉर्मर पण हलवला. लहान मुलं त्या गल्लीतून चालत शाळेत जातात, आम्हाला तेवढं पण खूप होतं.

तुमच्या प्लॉटवर आधी मैदान किंवा शाळेचं आरक्षण असेल आणि ते बदलायचं घाटत असेल तर मात्र जास्त सावध राहा. एमआरटीपी कायद्याच्या (राज्याचा नगररचना कायदा) कलम ३७ खाली त्याची नोटीस निघते आणि हरकती द्यायला एक महिनाच मिळतो. अशा हरकतीवर सुनावणी होते, ती चुकवू नका. पर्यावरण मंजुरी देऊन झाली असेल तर राष्ट्रीय हरित लवादात (पर्यावरणाचे खटले चालतात तिथे) अपिलाला ३० दिवस असतात.

तुम्ही स्वतः टॉवरमध्येच राहता ना, असं कोणीतरी तोंडावर म्हणणारच. म्हणू दे. नवीन येणारे पण आपल्यासारखेच हप्ते भरणारे लोक आहेत, त्यांच्याशी आपलं भांडण नाही, आपलं म्हणणं एवढंच की रस्ता आणि पाणी आधी, ओसी (इमारतीत राहायला जायची महापालिकेची परवानगी) नंतर. पाण्यासाठी माहिती अधिकारात अर्ज टाका: पाणीपुरवठा विभागाने ना हरकत दिली का, किती पाणी आणि कुठल्या टाकीतून देणार. तीच टाकी तुमच्या सोसायटीची असेल तर हरकतीत पहिला मुद्दा तोच घ्या.